बेंबीवर दोन बोटं

८ एप्रिल, मंगळवार

खोली आज सुरू झाली. यांनी नारळ फोडला तो नासका निघाला. माझं तोंड पडलं, पण आत्याबाई म्हणाल्या, "नासका निगाला म्हंजी पावला." सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलल्या, म्हणून मी नारळाला माफ केलं.

बोर्डावरून मात्र भांडण झालं. मला ‘मसाज' हा शब्द हवा होता, कारण निगडीला वर्षभर बस बदलत जाऊन मी तेच शिकले. हे म्हणाले, "चिखलीत मसाजचा बोर्ड लाव, आणि संध्याकाळी कोण कोण येतंय ते तूच बघ." शेवटी बोर्ड झाला: ‘पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी अंग चोळून मिळेल'. वाचून मलाच हसू आलं. गल्लीतल्या बायकांना वाटलं, शालनबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पुन्हा बेंबी बसवायला घेतली.

आत्याबाईंचं ते एके काळी मोठं प्रस्थ होतं. पोटात कळ आली, जुलाब थांबेनात, की बेंबी सरकली म्हणायचं आणि सकाळी उपाशीपोटी त्यांच्या दारात यायचं. त्या दोन बोटं बेंबीवर ठेवून ठोका बघायच्या, मग तेल लावून पोट ओढायच्या. आता हात थरथरतात म्हणून बंद केलंय. माझं तसलं काही नाही. माझ्याकडे येणार ते आतड्यांचा खरा आजार असलेले, डॉक्टरांनी नाव दिलेला आणि जन्माचा सोबती झालेला. निगडीच्या बाईंनी शेवटच्या दिवशी बजावलं होतं, "तुम्ही कुणाला बरं करत नाही. घटकाभर निवांत करता. हे विसरलात की संपलं." रोज लिहून ठेवा, असंही त्याच म्हणाल्या. म्हणून ही वही.

११ एप्रिल, शुक्रवार

पहिलं माणूस आलं ते गल्लीतलंच. शफीभाईंचं देहू-आळंदी रस्त्यावर गॅरेज आहे, त्यांचा अजिम. मी लग्न होऊन आले तेव्हा हा चड्डी सावरत पतंगामागे पळायचा. आता चाकणला कंपनीत गाड्यांच्या सीटा बसवतो. त्याची आई नजमाभाभी त्याला घेऊन आली.

मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, असा आजार आहे त्याला. दोन वर्षं झाली. दिवसातून कितीदा जावं लागेल याचा नेम नाही, आणि लागली की थांबवत नाही. लाइन सोडायची तर जागेवर दुसरा माणूस यावा लागतो. तो येईपर्यंत हा घाम पुसत उभा. "काकू, कंपनीत माझं नाव ‘एक मिनिट' पडलंय," म्हणाला. हसलो आम्ही दोघं, पण त्याचे डोळे हसत नव्हते. या उन्हाळ्यात काही पोरांना कायम करणार आहेत. त्यात नाव लागलं नाही तर बाहेर. या आजारासकट दुसरीकडे कोण घेईल, हा त्याचा प्रश्न मला घरच्यासारखा लागला.

गोळ्या चालू आहेत. त्यांनी चेहरा गोल, गुटगुटीत झालाय. लोक तब्येत सुधारली म्हणतात, याचा त्याला भारी राग येतो.

पुरुष माणूस, म्हणून खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं आणि नजमाभाभीला बाहेर आत्याबाईंच्या खाटेपाशी बसवलं. गावात राहायचं तर एवढं पाळावंच लागतं. मी बाईंनी शिकवलं तसं विचारून घेतलं: रक्त पडतं का, ताप आहे का, पोट फुगतं का. यातलं काही असेल तर पोटाला हात लावायचा नाही. सध्या काही नाही म्हणाला. तरी पहिल्या दिवशी फक्त पावलं आणि पाठ घेतली. खांदे दगडासारखे होते. उठताना म्हणाला, "एवढं गप्प मी कितीक दिवसांत पडलो नव्हतो."

१५ एप्रिल, मंगळवार

आज पोटाला अगदी हलका हात लावला. हात लागायच्या आधीच अजिमने पोट आवळलं. कुणीही हात आणला की दुखणारच, हे शरीराने शिकून ठेवलंय. काय करावं सुचेना. मग आत्याबाई करायच्या तशी दोन बोटं त्याच्या बेंबीवर ठेवली. दाबली नाहीत, नुसती ठेवली. ठोका लागला. त्याने श्वास सोडला आणि पोट सैल झालं. लहानपणी आत्याबाईंनी त्याची बेंबी बसवली असणार, ते शरीरात राहिलं असेल.

हे बाईंनी शिकवलेलं नाही, पण यात वाईट काय? बोटं ठेवून माणूस शांत होत असेल तर ठेवावीत. दाराच्या फटीतून नजमाभाभी बघत होती. तिचा चेहरा एकदम उजळला. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

बाहेर आत्याबाईंचं सुरू झालं. बोलायला माणूस मिळालं की त्यांना कोण आवरणार? "नजमे, ध्यानात हाय ना? बेंबी बसंस्तवर दुसरं औशिद पोटात न्हाई. दोन हात एका पोटावर चालत न्हाईत. तुज्या टायमाला मी काय सांगितलं हुतं?" नजमाभाभी म्हणाली, "आहे की मावशी. तुमचा नेम कशी विसरेन?"

आत हात तेलाचे होते. बाहेर जाऊन कोण सांगणार? आणि म्हातारीचं मन मोडून काय मिळवायचं?

२७ एप्रिल, रविवार

अजिम आठवड्यातून दोनदा येतो. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट इकडेच. येताना पोट धरून येतो आणि जाताना मोकळा चालतो. मी कुणाला बरं करत नाही, हे रोज स्वतःला बजावते. तरी तो मोकळा चालत जाताना मागून बघायला मला आवडतं.

आत्याबाईंची खाट तिथून हलवावी का, असं यांना विचारलं. म्हणाले, "वेडी आहेस का? लोक आईला बघून येतात. तुझं सर्टिफिकेट वाचतंय कोण?" राग आला. रागावून जाऊन सर्टिफिकेटची काच पुसली.

४ मे, रविवार

निगडीच्या बाईंनी पाठवलेली मुलगी आली. अपेक्षा. तळवड्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे, निगडी प्राधिकरणात राहते. तिलाही आतड्याचाच आजार. तिचाही चेहरा तसाच गोल फुगलेला. मी म्हटलं, तुमची तब्येत नाजूक वाटत नाही. हसली. "ताई, ही तब्येत नाही, गोळ्या आहेत. या गोळ्या बंद झाल्या की चेहरा आपोआप उतरतो. पण डॉक्टर एकदम बंद करू देत नाहीत, थोड्या थोड्या कमी करतात. एकदम सोडल्या तर मागच्यापेक्षा वाईट होतं."

किती माहिती असते या पोरींना. तिच्याही बेंबीवर बोटं ठेवली, तर म्हणाली, "हे कशाला?" मी काढून घेतली.

१८ मे, रविवार

अजिमचा चेहरा उतरला! जुना निमुळता चेहरा परत आला, गालाचं हाड दिसायला लागलं. नजमाभाभीने माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "जयमाला, घराण्याचा हात तो घराण्याचाच." मी म्हटलं, अहो, मी निगडीला शिकलेय. म्हणाली, "ते असू दे गं."

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या असतील, असं मनात आलं. अजिमला विचारलं, "गोळ्यांचं कसं काय?" म्हणाला, "ते अम्मी बघते ना सगळं, काकू." डब्यात तीच घालून देते, हे मला माहीत आहे. पुढे विचारलं नाही. एवढा आनंदात होता की विचारणं म्हणजे दृष्ट लावण्यासारखं वाटलं.

कायमच्या यादीत त्याचं नाव आहे, असं सुपरवायझरने हळूच सांगितलंय. फक्त आता सुट्टी पडायला नको.

१ जून, रविवार

अजिम थकलाय. ओव्हरटाइम करतोय म्हणाला. पट्टा आतल्या भोकावर गेलाय. पोट धरून आला, तसाच पोट धरून गेला. रक्ताचं विचारलं तर छताकडे बघत "नाही" म्हणाला. एवढं पटकन कुणी नाही म्हणतं का? मग मीच समजूत घातली की आपलं माणूस आपल्याशी कशाला खोटं बोलेल.

बाहेर नजमाभाभी काळजीने काहीतरी विचारत होती. आत्याबाईंचा आवाज ऐकू आला, "बसायच्या आदी एकदा उसळतीच. आता नेम मोडू नगं, न्हाईतर सगळं वाया जाईल."

बाईंना फोन करावा असं दिवसभर वाटत राहिलं. पण काय सांगणार? बेंबीवर बोटं ठेवते, हे सांगायचीच लाज वाटली.

११ जून, बुधवार

आज चांगली बातमी घेऊन आला. कालपासून एकदाच जावं लागलं. एकदाच! दोन वर्षांत असं झालं नव्हतं. पोराचा आवाज मात्र खोल गेलेला, ओठ सुकलेले. कपाळ गरम लागलं. बसमधून उन्हाचा आला असेल. आजारी पडायची परवानगीच नाही म्हणाला. सोमवारी कायमची पत्रं देणार आहेत.

पोट उघडं केलं तर टम्म फुगलेलं, हलगीसारखं ताणलेलं. मी हात मागे घेतला. फुगलेल्या पोटाला हात लावायचा नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. म्हटलं, "अजिम, आज नको. डॉक्टरकडे जा." तर माझं मनगट धरलं त्याने. "काकू, नुसती बोटं ठेवा. तेवढ्याने बरं वाटतं. सोमवार होऊ द्या, मग जातो." गॅस धरला असेल असं धरून चालले. बोटं ठेवली. ठोका केवढा जोरात होता. मग थोडंसं तेल, गोल, अगदी हलक्या हाताने. त्याने डोळे मिटले.

बाहेर नजमाभाभीने एकदाच जावं लागल्याचं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "बसली बग बेंबी."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पण झोपायच्या आधी मी स्वतःला सांगितलं की तू उगाच शंकेखोर आहेस.

१३ जून, शुक्रवार

पहाटे अजिमला चिंचवडला दवाखान्यात नेलं. आतडं फुगून फाटलं. ऑपरेशन केलं, अजून शुद्धीवर नाही.

मी रिक्षा करून गेले. नजमाभाभी बाकावर तसबीहची माळ घेऊन बसली होती. पलीकडे डॉक्टर शफीभाईंशी बोलत होते. "गोळ्या कधीपासून बंद होत्या?"  शफीभाईंना काही माहीतच नव्हतं. मला मात्र एकदम अपेक्षाचं बोलणं आठवलं.

नजमाभाभीला हळूच विचारलं. गोळ्या तुम्ही बंद केल्या होत्या?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले. "अगं, तूच तर बेंबी धरलीस. त्याच दिवसापासून बंद केल्या. नेम आहे ना तुमच्या घरचा."

तिच्या आवाजात काही आरोप नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं.

१५ जून, रविवार

अजिम गेला.

१६ जून, सोमवार

काल मयतीला गेले. बायकांत बसले होते. नजमाभाभी रडत नव्हती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. निघताना शफीभाई फाटकापर्यंत आले. एवढा मोठा माणूस, गाडीचं इंजिन एकटा उचलणारा, भिंत धरून बोलला. "जयमालाताई, गोळ्यांचं डॉक्टर काय बोलले ते नजमाला कळलेलं नाही. कळू देऊ नका. कळलं तर तीपण जाईल." मी मान हलवली. तुमच्या घरामुळे झालं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

घरी येऊन हे म्हणाले, "कुणी विचारलं तर आपण फक्त पाय दाबत होतो म्हण." नवऱ्याकडे बघून इतकी किळस मला कधी आली नव्हती. पण नाही म्हणण्याचं धाडसही झालं नाही.

आज आत्याबाईंपुढे बसले. म्हटलं, कशाला सांगितलंत तिला? गोळ्यांवर जगत होतं ते पोर.

 त्या म्हणाल्या, "मी आमची रीत सांगितली. चार बायांची बेंबी बसवताना सांगायचे तशी. तुजं ते निगडीचं येगळं हाय, तर मग बोटं का ठिवलीस?"

 मला वाटलं होतं, नुसती बोटं उसनी घेता येतात. त्यांच्यामागे नेमही येतो, आणि तो नेम माझ्या पाठीमागे, माझ्याच पडवीत, माझ्या कानांवर पडत होता. मी ऐकला होता. ऐकलंच नाही असं लिहिलं असतं तर आज थोडी झोप तरी लागली असती. कालपासून मागची पानं वाचतेय. सगळं मीच लिहून ठेवलंय.

आजच कंपनीत कायमची पत्रं वाटली असतील.

२२ जून, रविवार

बोर्ड काढला. अपेक्षाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. का म्हणून विचारलं तर बरं नाही म्हटलं. मग न राहवून विचारलं, गोळ्या घेता ना? ती म्हणाली, "घेते ना ताई, असं का विचारताय?" मी फोन ठेवला आणि रडले. हा एक प्रश्न मी त्या पोराला त्याच्या तोंडावर, उत्तर मिळेपर्यंत विचारला नव्हता.

निगडीच्या बाईंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं, बोटांसकट. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "फुगलेलं दिसल्यावर तू त्याला हाताला धरून डॉक्टरकडे का नेलं नाहीस?"

२७ जुलै, रविवार

अजिमचा चाळिसावा दिवस झाला. आज दुपारी नजमाभाभी आली. स्वतःहून, एकटी. मी चहा ठेवला. खोलीत मसाजचं टेबल नाही आता, रिकामी खोली बघून ती दारातच थबकली, मग खाली बसली.

म्हणाली, "जयमाला, तुझी माफी मागायला आले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बकरी ईदच्या दिवशी त्याचं पोट फार दुखत होतं. बघवेना मला. जुन्या पाकिटात गोळ्या उरल्या होत्या. मावशींनी मोडू नको म्हटलं होतं, तरी त्यातली एक दिली मी. नेम मोडला. त्यानंतर सहाच दिवसांनी..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू एवढी मेहनत घेतलीस. बसत आलेली बेंबी माझ्या हाताने गेली. माझ्या पोराला मीच मारलं गं. यांना सांगितलं नाही अजून. तुला सांगतेय."

चहा उकळून वर आला तरी मला उठवेना. दीड महिना ही बाई त्या एका गोळीपायी झोपली नव्हती. त्या एकाच गोळीने त्याला घटकाभर आराम पडला असेल. ती गोळी चुकीची नव्हती, असं मी म्हणाले असते, तर तिने विचारलंच असतं, मग चुकलं काय? आणि त्याचं खरं उत्तर तिला त्या एका गोळीवरून न दिलेल्या सगळ्या गोळ्यांपर्यंत घेऊन गेलं असतं. शफीभाई भिंत धरून उभे असलेले दिसले.

मी म्हटलं, "भाभी, गोळीने काही झालं नाही. माझा हात चुकला."

"म्हणजे?"

"शेवटच्या दिवशी पोट फुगलेलं होतं. तशा पोटाला हात लावायचा नसतो. मला माहीत होतं. तरी लावला."

"दाबलंस?"

मी हो म्हटलं.

 आधी तिचा चेहरा सुटला, कुणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसा. गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदाच ती रडली, मोठ्याने, तोंड न झाकता. मी पुढे झाले तर माझा हात झटकला. डोळे पुसून म्हणाली, "तू तर शिकली होतीस ना?"

"हो."

"माझं पोरगं तुला काकू म्हणायचं."

चहा न घेताच उठली. पडवीत आत्याबाई खाटेवर होत्या. नजमाभाभी त्यांच्यापाशी वाकली, त्यांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "तुमचे हात चालते ना मावशी, तर माझा अजिम राहिला असता."

आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. 

आता लिहायला बसले तर कळेना, मी तिच्याशी खोटं बोलले की खरं. नजमाभाभी आमच्या दारावरून जायची ती आजपासून पलीकडच्या बाजूने जाणार. जाऊ दे. निदान घरी जाऊन झोपेल.